ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल गिअरबॉक्स : कोटेशन देण्याआधीचे चार हिशोब

गिअरबॉक्सच्या व्हिडिओत वेळेअभावी जो भाग राहिला, तो आज लिहून देतो. वही-पेन घेऊन बसा.

शिरोली एमआयडीसीत माल वाहणाऱ्या बहुतेक पिकअप मॅन्युअलच. बोलेरो असो की योद्धा, क्लच दाबायचा आणि गिअर टाकायचा. पण इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या डिझेल पिकअप ऑटोमॅटिकमध्येही मिळतात. अशी गाडी वॉरंटीबाहेर गेली आणि गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचा आकडा ऐकला, की मालक तुमच्या दारात येऊन विचारतो, "मॅन्युअलच बसवून द्या की! किती घ्याल?"

इथंच थांबायचं. तोंडी आकडा द्यायचा नाही. आधी तपासणीची फी घ्या आणि बिघाड नक्की कुठं आहे ते बघा. दोष ऑइल, सोलेनॉइड किंवा वायरिंगचा निघाला, तर गिअरबॉक्स बदलायची गरजच नाही. खरंच बदलायचा असेल, तर हे चार हिशोब करा.

१. सामानाचा हिशोब

गिअरबॉक्स ही यादीतली फक्त पहिली ओळ आहे. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनच्या मागे पातळ फ्लेक्स प्लेट आणि टॉर्क कन्व्हर्टर असतो. मॅन्युअलला तिथं जड फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग लागतं. फ्लायव्हीलचे बोल्टही त्याचेच घ्या. त्यानंतर पेडल सेट, क्लचचे मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर, गिअर लिव्हर, माउंटिंग. प्रोपेलर शाफ्टची लांबी जुळते का? फोर बाय फोर असेल तर ट्रान्सफर केस जुळतो का?

सुटं सामान गोळा करत बसू नका. त्याच मॉडेलच्या, त्याच इंजिनच्या मॅन्युअल गाडीचा पूर्ण सेट मिळत असेल तरच पुढं जा. आपल्याकडं फाउंड्री आणि लेथ हाकेच्या अंतरावर आहेत, म्हणून "बनवून घेऊ" असं पटकन तोंडात येतं. ब्रॅकेट बनवा, पण फ्लायव्हील नको. ते इंजिनच्या वेगानं फिरतं, आणि तिथं बॅलन्सची चूक महागात पडते.

२. कॉम्प्युटरचा हिशोब

इंजिनचा ईसीयू ऑटो गिअरबॉक्सच्या कंट्रोलरशी सतत बोलत असतो. समोरून उत्तर आलं नाही, तर इंजिनची ताकद कमी होऊ शकते किंवा गाडी स्टार्टच होत नाही.

एक आकडा लक्षात ठेवा. भारतातल्या हायलक्सचं २.८ लिटर इंजिन मॅन्युअलमध्ये ४२० न्यूटन मीटर टॉर्क देतं, तर ऑटोमॅटिकमध्ये ५००. इंजिन तेच, पण कंपनीनं ईसीयूची सेटिंग वेगळी ठेवली आहे. तुम्ही फक्त गिअरबॉक्स बदलला, तर ४२० च्या जोडीला दिलेल्या क्लच आणि गिअरबॉक्सवर ५०० चा भार येईल. माल भरून आंबा घाट चढताना तो भार पहिल्यांदा क्लचला कळेल आणि नंतर तुम्हाला! म्हणून मॅन्युअलचं प्रोग्रॅमिंग कोण करणार, ते आधी पक्कं करा.

३. कागदांचा हिशोब

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील आणि कंपनीचा मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्हीही, अशी तरतूद आहे. आरसीवर मॉडेलच्या नावापुढं 'एटी' असेल, तर विशेष जपा. मालकानं आधी आरटीओत विचारावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. ही उत्तरं फाइलला लागल्याशिवाय पाना उचलू नका. उद्या अपघात झाला आणि क्लेम अडला, तर त्याचं घर अडचणीत येतं आणि तुमचं नाव खराब होतं.

४. जागेचा हिशोब

समजा, तुमचा एक रॅम्प दिवसाला २,५०० रुपये कमावतो. गाडी १२ दिवस अडकली, तर ३०,००० रुपये नुसत्या जागेचे झाले. मजुरी सांगताना ते धरलेत का? सामानाचे पैसे शंभर टक्के आगाऊ, मजुरीचा अर्धा भाग आगाऊ, आणि काढलेला ऑटो गिअरबॉक्स कोणाचा, हेही कागदावर लिहा.

शेवटी गिऱ्हाईकासमोर एकाच कागदावर तीन रकाने ठेवा : ऑटो गिअरबॉक्सची दुरुस्ती, तसाच वापरलेला ऑटो गिअरबॉक्स, आणि मॅन्युअल. प्रत्येकाखाली खर्च, दिवस, वॉरंटी आणि कागदपत्रं. बऱ्याचदा तो कागद वाचून मालक स्वतःच म्हणेल, "राहू दे, आहे तोच दुरुस्त करा." म्हणू दे की! मोठं काम हातचं गेलं असं समजू नका. दुरुस्तीची मजुरी तुम्हालाच मिळते, रॅम्प लवकर मोकळा होतो, आणि ते गिऱ्हाईक पुढच्या सर्व्हिसला तुमच्याकडंच येतं.

आजचा गृहपाठ : तुमच्या रॅम्पची रोजची कमाई काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. भेटू पुढच्या धड्यात!