रात्रीच्या कामाचा हिशेब

बँकेंत दिवसभर झालेल्या व्यवहारांचें रात्रीं काय होतें, याचा आपण क्वचितच विचार करितों. मोठ्या बँकांत हें काम बहुधा मेनफ्रेम नांवाच्या संगणकावर चालतें. इ. स. १९६४ च्या एप्रिलांत आयबीएम कंपनीनें सिस्टिम ३६० ही मालिका जाहीर केली. तिचे वंशज आजही या कामास जुंपलेले आहेत. ग्राहक समोर असतांना होणारें काम निराळें, आणि कोणाची वाट न पाहतां एकामागून एक उरकलें जाणारें काम निराळें. या दुसऱ्या प्रकारास ‘बॅच’ म्हणतात व त्यांतील एकेका कामास ‘जॉब’ म्हणतात. सकाळपूर्वीं बॅच संपलीच पाहिजे. ती वेळेवर कशी संपवावी, हें नोंदी वाचून कळतें. त्या कशा वाचाव्या, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

मेनफ्रेमवरील झेड-ओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक जॉबची नोंद स्वतःच ठेविते. या व्यवस्थेस एसएमएफ असें नांव आहे. तिच्यांतील ३० क्रमांकाच्या नोंदींत जॉब केव्हां दाखल झाला, केव्हां सुरू झाला, केव्हां संपला, त्यानें सीपीयू किती वेळ वापरला, डिस्कशीं किती वेळां देवघेव केली व त्याचा शेवट कसा झाला, हें सर्व सांपडतें.

समजा, एका जॉबला ६० मिनिटें लागलीं. पण त्यानें सीपीयू अवघीं ५ मिनिटें वापरला. मग उरलेलीं ५५ मिनिटें तो काय करीत होता? बहुतेक तो वाट पाहत होता : डिस्कवरील माहितीची, दुसऱ्या जॉबनें अडविलेल्या फाइलीची, किंवा अधिक महत्त्वाच्या कामांत गुंतलेल्या सीपीयूची. कारण न शोधतां अधिक वेगवान यंत्र विकत घेणें म्हणजे पैशाचा अपव्यय होय. डिस्कच्या खेपा फार असतील, तर एका खेपेंत अधिक माहिती आणावी. फाइलीसाठीं तंटा असेल, तर दोन जॉबांच्या वेळा निराळ्या कराव्या. दाखल होणें व सुरू होणें यांतच मोठें अंतर असेल, तर दोष जॉबचा नसून रांगेचा आहे.

दुसरी गोष्ट क्रमाची. दिवसाचे व्यवहार खात्यांत चढल्यावांचून व्याज आकारतां येत नाहीं. अशा परस्परावलंबी जॉबांच्या अनेक साखळ्या असतात, व ज्या साखळीस सर्वांत अधिक वेळ लागतो, तीच बॅच संपण्याची वेळ ठरविते. तिच्याबाहेरील जॉब अर्धा तास लवकर उरकला, तरी एकंदर वेळ एक मिनिटानेंही कमी होत नाहीं. म्हणून आधीं नोंदींवरून ही साखळी मांडावी, व सुधारणा तिच्यांत करावी.

तिसरी गोष्ट तुलनेची. महिनाअखेरची रात्र महिनाअखेरच्या रात्रीशींच ताडून पाहावी. काम संपण्याची वेळ दरमहा १० मिनिटांनीं पुढें सरकत असेल व हातीं एकच तास उरला असेल, तर सहा महिन्यांत तो संपेल. हें आधीं कळलें, तरच उपाय करण्यास अवधि मिळतो.

बॅच अडल्यास काय होतें, हें ब्रिटनमध्यें २०१२ सालीं दिसून आलें. १७ जून रोजीं रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या समूहांत बॅच चालविणाऱ्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ति बसविली गेली. अडचण दिसतांच, परिणाम न तपासतां, ती काढून टाकण्यांत आली. परंतु जुन्या व नव्या आवृत्तीचें जुळेना. ६५ लाखांहून अधिक ग्राहकांस याची झळ लागली. कित्येकांस खरी शिल्लक कळेना, घराचे हप्ते वेळेवर भरतां येईनात, कांहीं संस्थांस नोकरांचे पगार देतां येईनात. २०१४ सालीं नियामक संस्थांनीं एकूण ५ कोटि ६० लाख पौंड दंड केला. नोंदींतील एकेका ओळीमागें कोणाचा तरी संसार असतो, हें व्यवस्थापकानें विसरूं नये.

चाकरांकडून हिशेब घेणाऱ्या धन्याचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. मुलगा चार तास पुस्तकापुढें बसला, यावरून त्यानें चार तास अभ्यास केला असें ठरत नाहीं. पालकांनींही केवळ तास मोजून समाधान मानूं नये. किती वेळ कामाचा व किती वाट पाहण्याचा, हें प्रत्येकानें वहींत मांडून पाहावें, अशी आमची विनंती आहे.