डीपी जळण्याआधी

शेतातली डीपी, म्हणजे वितरण रोहित्र, जळाली की आपण वायरमनला फोन लावतो आणि दुसरी कधी बसणार एवढंच विचारतो. ती जळाली कशाने, हे विचारणारे फार थोडे. आमच्या शिवारातली डीपी ऐन रब्बीत गेली, गहू निसवलेला आणि हरभरा घाट्यावर असताना. त्यानंतर मी या तेलाच्या डब्याचा अभ्यासच केला. त्यातून जे कळलं, ते आर्णी तालुक्यातल्या प्रत्येक पंपधारकापर्यंत पोचावं असं मला मनापासून वाटतं.

आमची डीपी १०० केव्हीएची. अरुणावती नदीच्या बाजूच्या विहिरी आणि बोअर तिच्यावर चालायचे. तीन फेजची लाइन ठरलेल्या तासांपुरतीच येते, ती पुष्कळदा रात्री. साप आणि रानडुकरांच्या भीतीने रात्री विहिरीवर जायला कोणी धजत नाही, म्हणून बहुतेक स्टार्टरना ऑटोस्विच लागलेले. लाइन आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठत. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. शेवटच्या खांबाकडच्या मोटारी तेव्हा नुसत्या गुरगुरायच्या. डीपीच्या अंगावर तेलाचे ओघळ उतरले होते आणि त्यांवर धूळ बसली होती. एका रात्री मोठा आवाज झाला आणि सारं शिवार अंधारलं. ओलिताची पाळी चुकली, गव्हाचा दाणा बारीक राहिला आणि हरभऱ्याचे घाटे पोचट निघाले.

जळालेली डीपी दुरुस्तीच्या कारखान्यात उघडताना मला पाहायला मिळाली. झाकणाचे बोल्ट काढले, तेल पिंपात उतरवलं आणि चेनपुलीने आतला गाभा वर ओढला. तेल काळं आणि घट्ट झालेलं. गुंडाळ्यांवर चिखलासारखा थर, तळाशी पाणी. तीन फेजपैकी दोन गुंडाळ्या धड होत्या, जळाली होती एकच. कारागीर म्हणाला, “भाऊ, कॉइल एकच जयली, पण काढा तं सारंच लागते.” त्या एका वाक्यात या यंत्राची सगळी अडचण आहे.

डीपीतलं तेल वंगणाचं नसतं. त्याला दोन कामं असतात. ११ हजार व्होल्टच्या गुंडाळीतली वीज डब्याच्या पत्र्यापर्यंत पोचू द्यायची नाही, हे पहिलं. दुसरं, गुंडाळ्यांची उष्णता बाहेर नेणं. तापलेलं तेल हलकं होऊन वर चढतं, बाजूच्या नळ्यांतून किंवा पंखांतून खाली येताना निवतं आणि पुन्हा गुंडाळ्यांकडे जातं. पंप नाही, पंखा नाही, तरी हे फिरणं वर्षानुवर्षं चालू राहतं. पण पातळी नळ्यांच्या वरच्या तोंडाखाली गेली की ही फेरी तुटते. गुंडाळीवरच्या कागदाचं आयुष्य तिथल्या उष्णतेत दर ६ अंशांची भर पडली की साधारण निम्मं होतं. हवेतली ओल तेलात शिरली तर तेलाची वीज अडवण्याची ताकद झपाट्याने घटते. आमच्या डीपीत हे सगळं एकत्र आलं होतं.

म्हणून पहिलं काम भाराचा हिशेब. १०० केव्हीएची डीपी पूर्ण भारावर सुमारे १३३ अँपिअर देते. ५ एचपीची मोटार साधारण साडेसात अँपिअर घेते. म्हणजे अशा सतराएक मोटारींत डीपी भरली. ६३ केव्हीएची अकरा मोटारींतच भरते. व्होल्टेज पडलं की तेवढंच पाणी उपसायला मोटार आणखी करंट ओढते, हे वेगळंच. आपल्या डीपीवरच्या सगळ्या मोटारींचे एचपी एका कागदावर लिहून काढा, विनापरवानगी चालणाऱ्याही. तो कागद घेऊन सगळ्यांनी एकत्र बसा आणि पाळ्या ठरवा.

ऑटोस्विच काढा, असं महावितरण सांगत आलं आहे आणि ते खरं आहे. रात्रीची अडचण खरी असेल तर निदान स्टार्टरला उशिरा सुरू करणारा टायमर बसवा आणि प्रत्येकाने वेगळी वेळ लावा. कॅपॅसिटर बसवाच. ५ एचपीच्या मोटारीला साधारण २ केव्हीएआरचा लागतो. त्याने लाइनवरचा करंट कमी होतो आणि डीपीला श्वास घ्यायला जागा मिळते.

दुसरं काम तेलावर नजर. जमिनीवरून, कुंपणाबाहेरून जे दिसतं तेवढंच पाहा. वरच्या आडव्या टाकीला काच असेल तर तेलाची खूण दिसते. ब्रीदरच्या काचेतले सिलिका जेलचे खडे कोरडे असताना निळे असतात, ओल धरली की गुलाबी होतात. गॅस्केट किंवा बुशिंगखाली ओघळ दिसला, तर फोटो काढून त्याच दिवशी कळवा. तेल भरणं, फ्यूज टाकणं, झाकण उघडणं ही कामं फक्त लाइनमनची. डीपीच्या खांबावर चढून माणसं जिवानिशी गेलेली आहेत. सांधेदुखीवर डीपीचं तेल चोळायची रीतही सोडा. जुन्या काही रोहित्रांच्या तेलात पीसीबीसारखी घातक रसायनं असू शकतात.

डीपी गेलीच, तर तोंडी निरोपावर राहू नका. १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. ग्रामीण भागातलं जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदलावं, असं वीज नियामक आयोगाचं मानक आहे. क्रमांक हाती असेल तरच ते मागता येतं.

तिसरी गोष्ट रचनेची, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. द्रवात बुडवलेलं यंत्र छान थंड राहतं, पण दुरुस्तीला अवघड जातं. १९८५ च्या क्रे-२ महासंगणकाची सर्किटं फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेली होती. एक कार्ड बदलायचं तर आधी सगळा द्रव बाजूच्या टाक्यांत काढून घ्यावा लागे. आता संगणकांसाठी कप्प्याकप्प्यांची रचना होते आहे. प्रत्येक कप्प्याचा द्रव वेगळा, आणि त्याची जोडणी सुटताच आपोआप बंद होणारी. बिघडलेला कप्पा ओढून काढायचा, बाकीचे चालूच.

आपल्याकडे २०१८ साली आलेल्या उच्चदाब वितरण प्रणालीत हाच विचार आहे. एक किंवा दोन शेतकऱ्यांना १०, १६ किंवा २५ केव्हीएचं छोटं रोहित्र. ते जळालं तर त्या एक-दोन शेतांचंच ओलित थांबतं, उचलायला सोपं जातं, आणि कोणी जास्त भार टाकला तर शेजाऱ्याचं पीक वाळत नाही. आपलं रोहित्र म्हटल्यावर माणूस त्याच्याकडे लक्षही देतो. ज्यांना ते मिळालं आहे त्यांनी त्यावर आकडे टाकू देऊ नयेत. ज्यांची अजून मोठी डीपी आहे त्यांनी भार विभागून मिळावा म्हणून सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्यावा आणि एचपीचा तो कागद सोबत जोडावा.

हे सगळं कपाशीच्या पहिल्या वेच्याच्या आधी करा. रब्बीची पेरणी झाल्यावर प्रत्येकाला पाण्याची घाई असते, तेव्हा कोणी पाळीला तयार होत नाही. कागद, टायमर, कॅपॅसिटर आणि तेलाची पाहणी, ही चार कामं दिवाळीपर्यंत उरकली, तर गव्हाला वेळेवर पाणी मिळण्याची आशा बाळगता येईल.