पाच कांदे आण

पाहुणा घरी आला, की आपण लेकराला पुढे उभं करतो. "म्हण रे, एक-दोन म्हण," असं सांगतो. लेकरू हात मागे बांधतं, डोळे मिटतं आणि सुरू होतं. एक, दोन, तीन, चार. पन्नास येईपर्यंत त्याची गाडी थांबत नाही. पाहुणा म्हणतो, "लई हुशार आहे की!" घरच्यांना बरं वाटतं.

आमच्या साक्षरता वर्गाला लोहा तालुक्यातल्या एका वाडीची बाई येत होती. तिचा मुलगा पाच वर्षांचा. त्यालाही असेच पन्नासपर्यंत अंक पाठ. एके संध्याकाळी ती चुलीपाशी बसली होती. तिनं हाक मारली, "पाच कांदे आण रे." मुलगा धावत गेला. सदऱ्याच्या ओच्यात कांदे भरून घेऊन आला.

"किती आणलास?"

"पाच!"

आईनं मोजले. अकरा होते.

दुसऱ्या दिवशी ती हाच सवाल घेऊन वर्गात आली. "ताई, त्याला पन्नास येतात अन् पाच येत नाहीत. हे कसं काय?"

वरवर पाहिलं तर हसू येतं. पण सवाल मोठा आहे. याच लेकराला उद्या शाळेत बेरीज घालतील. पाच म्हणजे किती, हे ज्याला कळलं नाही, त्याला पाच अधिक तीन कसं कळेल? मग शाळेत म्हणतील, घरचेही म्हणतील, "याला गणित येत नाही." लेकरूही तसंच धरून बसतं. असं नाव एकदा चिकटलं, की सहजी निघत नाही.

आता कारण पाहू. अंक म्हणणं वेगळं आणि वस्तू मोजणं वेगळं. आपल्याला आरती पाठ असते, तसे त्या मुलाला अंक पाठ होते. आरतीतल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ आपल्याला तरी कुठं ठाऊक असतो?

मोजायचं म्हणजे एका वस्तूला एकच अंक द्यायचा. कोणतीही वस्तू सोडायची नाही, कोणतीही दोनदा मोजायची नाही. आणि शेवटी जो अंक आला, तो साऱ्या ढिगाचा, हे ओळखायचं. ही शेवटची गोष्ट लेकराला फार जड जाते. लेकरू पाच कांद्यांना बोट लावून नीट मोजतं. आपण विचारतो, "मग किती झाले?" तर ते पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतं. त्याला वाटतं, पाच हे त्या शेवटच्या कांद्याचंच नाव आहे! चार-पाच वर्षांच्या लेकराचं असं होतंच. त्यावर रागावू नये.

इथं आमची एक चूक सांगून टाकतो. आम्ही त्या बाईला पाटी दिली आणि म्हटलं, "रोज १ ते १० गिरवून घ्या." आठ दिवसांनी ती म्हणाली, "पाटी दिसली की पोरगं रानात पळायलंय." चूक पोराची नव्हती, आमची होती. ज्याला पाच वस्तू कळल्या नाहीत, त्याला ५ ही खूण काय सांगणार? आधी हातात वस्तू यावी. मग तोंडात शब्द यावा. पाटीवरचा अंक त्याच्याही मागून. आम्ही उलट्या टोकानं सुरुवात केली होती.

म्हणून आम्ही म्हटलं, "पाटी ठेवून द्या. कांद्यांनीच शिकवा." बाई गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "मला आत्ता कुठं सही यायलीय. मी काय गणित शिकवू? मागं बाजारात अंडी विकली. समोरच्यानं दिले तेवढे पैसे मुकाट घेतले. मोजून मागायची हिंमत झाली नाही."

असं वाटणारी ती एकटी नाही. पण पाहा. घरात माणसं किती, भाकरी किती लागतील, पीठ किती घ्यायचं, हे तिला कोणी सांगावं लागत नाही. शेरडं रानातून परतली, की एक कमी आहे हे तिला दारातच कळतं. पेरताना चार ओळी सोयाबीनच्या आणि दोन ओळी तुरीच्या, पुन्हा चार आणि दोन, हा ठेका आपण सांभाळतोच. तिफणीला तीन फण असतात, म्हणून तर ती तिफण. अर्धापूरची केळी विकणारा बोटांच्या पेरांवर डझन मोजतो. एका बोटाला तीन पेरं, चार बोटांची बारा, आणि अंगठा मोजणारा. आपल्या आज्यांना तर तोंडपाठ होतं, दोन मापटी म्हणजे शेर आणि चार शेर म्हणजे पायली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसांनीही बाजारात तो बदल निभावून नेला. हे सारं गणितच आहे. फक्त ते पाटीवर लिहिलेलं नाही.

घरातल्या वस्तूंनी शिकवणं ही काही अडाणी रीत नव्हे. ताराबाई मोडक या थोर शिक्षिका होत्या. त्यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. लहान मुलांना शिकवायची महागडी साधनं शहरात मिळत. पाड्यावर ती कुठून यायची? मग त्यांनी खडे, बिया, पानं, शिंपले हीच साधनं केली. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची बालविकास योजना सुरू झाली. आज गावोगाव तिच्या अंगणवाड्या आहेत.

तर मग घरी कसं करावं? पन्नास सोडा. तीनपासून सुरुवात करा. "तीन कांदे आण." आणले, की त्याच्याकडून एकेक कांदा उचलून टोपलीत टाकून घ्या. उचलताना अंक म्हणायचा. हात आणि तोंड बरोबर चालले पाहिजेत. तोंड पुढे पळालं तर थांबवा आणि पुन्हा सुरू करा. शेवटी टोपलीवर हात ठेवून विचारा, "सगळे मिळून किती?" सांगता आलं नाही, तर तुम्हीच सांगा, "सगळे मिळून तीन." तीन पक्के झाले की चार. मग पाच. एका आठवड्यात एक अंक पुढे गेला तरी खूप झालं.

जेवायला बसताना त्याला ताटं मांडायला लावा. "बाला एक, आजीला एक, तुला एक." माणसं पाच आणि ताटं चार झाली, तर कोण राहिलं ते त्यालाच शोधू द्या. एवढ्यात 'कमी' आणि 'जास्त' हे शब्द त्याला कळतात. भाकरी वाढताना मोडून दाखवा. ही अर्धी, आणि हा चतकोर. चार चतकोर जुळवून पुन्हा भाकरी करायला सांगा. पाव, पाऊण, सवा, दीड, अडीच हे आपल्या भाषेचे मोठे कामाचे शब्द आहेत. जुन्या शाळांत पावकी, निमकी आणि पाऊणकी पाठ करून घेत. चतकोर हातात धरलेल्या लेकराला पाव वेगळा शिकवावा लागत नाही.

एक गंमत करून पाहा. पाच चिंचोके जवळजवळ ठेवा आणि मोजून घ्या. मग त्याच्यादेखत ते लांब लांब पसरा. विचारा, "आता किती?" पुष्कळ लेकरं म्हणतात, "जास्त झाले!" हसू नका. पुन्हा मोजू द्या. असं चार-सहा वेळा झालं, की त्याचं त्यालाच उमगतं. मात्र तीन वर्षांच्या आतल्या बाळाजवळ चिंचोके ठेवू नका. ते नाकात घालतं, नाहीतर गिळतं. त्याच्यासाठी कांदे आणि वाट्या बऱ्या.

मोठ्यांचा एक खेळही इथं कामी येतो. कुणी त्याला चंफूल म्हणतात, कुणी चल्लस, कुणी अष्टचंग. चार फोडलेले चिंचोके टाकायचे. जेवढे पांढरे वर, तेवढी घरं पुढे. चारही पांढरे पडले तर चार, आणि चारही काळे पडले तर आठ. चार दिवस खेळलेलं लेकरू तीन पांढरे पाहताच 'तीन' म्हणतं, बोट लावून मोजत नाही. घरात थोरली बहीण खेळत असेल, तर धाकट्याला तिच्या शेजारी बसवा. शिकवायला तिच्यासारखी मास्तरीण मिळायची नाही. तिचा अभ्यास मात्र बुडू देऊ नका.

दहापर्यंत नीट जमलं, की तुराट्या घ्या. तुरीच्या वाळक्या काड्या आपल्याकडे कमी नाहीत. बोटाएवढे तुकडे करा. दहा काड्यांची एक जुडी बांधा. दोन जुड्या आणि सात सुट्या काड्या, म्हणजे २७. लिहिताना आधी जुड्या, मग सुट्या. २ आणि मग ७. दशक आणि एकक म्हणतात ते हेच.

आता एक अडचण येते. ती लेकराची नाही, आपल्या बोलीची आहे. लिहिताना आपण २ आधी लिहितो, पण बोलताना सात आधी म्हणतो, सत्तावीस. शिवेपलीकडे असं नाही. देगलूर-बिलोलीकडच्या लोकांना तेलुगू ठाऊक असते. तेलुगूत २१ला 'इरवै ओकटी' म्हणतात, म्हणजे 'वीस एक'. उदगीर-निलंग्याकडे कानडी कानावर पडते. कानडीतही 'इप्पत्तोंदु', म्हणजे तसंच. बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असंही वाचन दिलं. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. राज्यात पुष्कळ वाद झाला. मराठी बिघडेल असं काही जणांना वाटलं. आम्हाला विचाराल, तर घरी दोन्ही म्हणावं. जुडीकडे बोट करून 'वीस', सुट्या काड्यांकडे बोट करून 'सात', आणि मग सगळं मिळून 'सत्तावीस'. बाजारात सत्तावीसच चालतं, ते तर यायलाच हवं.

त्या बाईच्या मुलाला पाच कांदे जमायला महिना लागला. आता बाजारला जाताना आई त्याला संगं नेते. अंडी तो पाच-पाचच्या ढिगानं मांडतो. पैसे ती मोजते, मोठ्यानं मोजते. समोरचा घाई करतो, पण ती करत नाही.

परवा ती वर्गात म्हणाली, "ताई, अठ्ठावीसपर्यंत गडी बरोबर येतो. एकोणतीस आलं की अडतो. त्याला नऊ ऐकू येत नाही, वीस ऐकू येत नाही. तीसच ऐकू येतं. कसं सांगू?"

आम्ही म्हटलं, "तीन जुड्या त्याच्यापुढे ठेवा. मग त्यांतली एक सोडा, आणि त्याच्यादेखत एक काडी काढून घ्या."