पगारातले 25 रुपये आणि नाटकाची तालीम

प्रश्न : चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. जून आणि डिसेंबरच्या पगारातून ‘कामगार कल्याण निधी’ म्हणून 25 रुपये कापतात. जुने लोक म्हणतात, त्यातून नाटकं होतात. खरं का? आणि आमच्या लाइनवर एक पोरगा झकास पखवाज वाजवतो, त्याला याचा काही उपयोग?
— एक वाचक, महाळुंगे

उत्तर : खरं आहे, फक्त नाटकं हा त्यातला एक भाग झाला. हा पैसा महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जातो. त्यामागे 1953 चा कायदा आहे, मुंबई राज्य असतानाचा. तुमचे 25, मालकाचे 75, शिवाय सरकारचा वाटा. 2024 च्या दुरुस्तीपूर्वी हेच 12 आणि 36 होते. याखेरीज कामगारांकडून वसूल झालेला दंड आणि तीन वर्षं कुणी न नेलेली देणीही याच निधीत जमा होतात. म्हणजे कुणी नोकरी सोडून गेला आणि हिशेब न्यायला फिरकलाच नाही, तर त्याच्या पैशातूनही कुठेतरी पडदा उघडत असेल!

कायद्यानं खर्चाच्या बाबी सांगितल्या आहेत, त्यात वाचनालयं, खेळ, सहली, स्त्रियांसाठी घरगुती उद्योग यांच्या पंगतीत करमणूकही बसवली आहे. म्हणून कामगार कल्याण केंद्रात शिवणवर्ग, शिशुमंदिर, अभ्यासिका आणि भजनाचा सराव असं सगळं एकत्र नांदतं. मंडळाच्या काही मोठ्या केंद्रांचं नावच मुळी ‘ललित कला भवन’ आहे. शिवाय दरवर्षी नाट्यमहोत्सव, त्याची प्राथमिक फेरी, अंतिम फेरी. भजन आणि समरगीतांच्या स्पर्धा. मला यातली मोलाची गोष्ट ही वाटते की इथे कला कुणाच्या देणगीवर येत नाही. तिचा खर्च पगारपत्रकात छापलेला असतो, त्यामुळे ती मागायला संकोच नको.

आता अडचण. ही सगळी रचना कायम कामगार डोळ्यांपुढे ठेवून झाली. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे टेल्को, बजाज आल्या. माणूस एका खात्यात चिकटला की निवृत्तीपर्यंत तिथेच. त्याची पाळी कळायची, घर जवळ, सुट्टी ठरलेली. इथल्या बऱ्याच कारखान्यांत ती गुरुवारी असते, त्यामुळे तालमीही गुरुवारी रंगत. चाकणच्या कारखान्यांत मात्र कंत्राटी आणि शिकाऊ पोरांची मोठी भरती. आज आहे, सहा महिन्यांनी नाही. नाटकाला तर दीड-दोन महिने तीच माणसं, त्याच वेळी हवीत. नायक पहिल्या पाळीत आणि खलनायक दुसऱ्या पाळीत असला की दोघांची भेट कंपनीच्या गेटवर, एक आत जाताना, एक बाहेर पडताना. त्यात नायकाचा ब्रेक झाला, म्हणजे मुदत संपून तो कामावरून गेला, की तालीम पहिल्यापासून. महानगरपालिकेची नाट्यगृहं चिंचवडला, भोसरीला, संत तुकारामनगरला आहेत; दुसरी पाळी सुटल्यावर खोलीवर पोचणाऱ्याला ती उपयोगाची नाहीत. मंडळानं आठवड्यातून दोन दिवस महाळुंग्याला किंवा खराबवाडीला एखादी खोली आणि एक पेटी एवढं दिलं, तरी नव्या सभागृहापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल, असं माझं मत.

तुमच्या पखवाजवाल्याचं त्या मानानं सोपं आहे. भजनाला एक गायक कमी पडला तर दुसरा उभा राहतो, अभंग सगळ्यांना तोंडपाठ असतात आणि खेड तालुक्यात, देहू-आळंदीच्या शेजारात, टाळकरी शोधावे लागत नाहीत. पखवाज मात्र कुणालाही वाजवता येत नाही, तेव्हा त्याला भाव आहे. पिंपरी-चिंचवडमधल्या कामगार कल्याण केंद्रात जाऊन त्यानं भजन स्पर्धेचे अर्ज कधी निघतात, संघात किती जण लागतात आणि सगळे एकाच कंपनीचे असावे लागतात का, हे विचारावं. जाताना कपात दाखवणारं पगारपत्रक सोबत न्यावं. कंत्राटदाराकडे असेल, तर त्या कंत्राटदारानं रक्कम खरोखर भरली का, हेही तिथेच विचारून घ्यावं.