न्हाणीची मोरी

विद्यार्थिमित्रहो, विज्ञानाचा धडा केवळ प्रयोगशाळेतच शिकावयाचा असतो असे नाही. रोज सकाळी आपण ज्या न्हाणीत स्नान करतो, तिच्या कोपऱ्यातील मोरीही आपणांस पुष्कळ काही शिकवू शकते. परंतु ती तुंबेपर्यंत तिच्याकडे कोणी पाहत नाही.

आमच्या घरच्या कोकणीत आणि आपल्या मराठीत न्हाणी हा शब्द एकच. कोकणात न्हाणीचे पाणी परसातल्या माडाच्या आळ्यात सोडण्याची रीत आहे. कंग्राळीतल्या जुन्या घरांमागेही ते अळूला वा केळीला मिळत असे. आता बेळगाव शहर आपल्या गावास येऊन भिडले. फरशीची न्हाणी, वरून फवारा आणि जमिनीखालून नळी अशी सोय झाली. पाणी दृष्टीआड गेले आणि त्याची काळजीही दृष्टीआड झाली.

ही सोय तशी फार प्राचीन आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडो येथील घरांत भाजक्या विटांच्या उतरत्या न्हाण्या होत्या. त्यांचे पाणी गल्लीतील झाकलेल्या गटारांत जाई आणि गाळ खाली बसावा म्हणून वाटेत खड्डे ठेवलेले असत. घाण कोठेतरी साठणारच, तेव्हा ती काढता येईल अशा जागी साठावी, हे त्या लोकांनी ओळखले होते.

आपल्या मोरीच्या जाळीखालीही असाच एक लहानसा हौद असतो. त्यात सुमारे ५० मिलिमीटर पाणी सदैव साठून राहते व गटारातील दुर्गंधी आणि किडे त्यामुळे घरात येत नाहीत. गवंडी यास ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या देशातील इंग्रजी स्थापत्यग्रंथांतही हेच नाव रूढ आहे. आपला घरगुती शब्द असा ग्रंथांत जाऊन बसला आहे! मे महिन्याच्या सुटीत घर बंद राहिले की हे पाणी आटते. म्हणून परत आल्यावर प्रथम तांब्याभर पाणी मोरीत ओतावे.

आता मोरी तुंबते कशाने? मुख्य कारण केस. केस केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाचे बनलेले असतात व पाण्यात लवकर कुजत नाहीत. त्यांचे जाळे झाले की त्यात साबणाचा साका अडकतो. पावसाचे पाणी व विहिरीचे पाणी दोन बाटल्यांत घेऊन प्रत्येकीत थोडा साबण घाला व हलवा. पावसाच्या पाण्यास भरपूर फेस येईल. विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असल्यास फेस कमी येऊन पांढरा साका दिसेल. अशा पाण्यास दुष्फेन पाणी म्हणतात. हाच साका, अंगाचे तेल आणि नारळाच्या शेंडीचे तंतू मिळून नळीत घट्ट बूच बसते.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच बिऱ्हाडी असे बूच बसले. आम्ही एका वृद्ध कामकऱ्यास बोलावले. त्यांनी जाळी उचलून उघड्या हाताने एक काळा गोळा बाहेर काढला. त्यात आमचेच केस होते आणि शांपूच्या पुड्यांचे फाडून टाकलेले कोपरेही होते. “बाबा, न्हाणीतच हात धुवा,” असे आम्ही म्हणालो. “नको गुरुजी, बाहेरच धुतो,” असे म्हणून ते अंगणात गेले. त्या उत्तराने आम्हांस फार लाज वाटली. संरक्षक साधनांवाचून माणसास गटारात वा मलटाकीत उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. पण आमच्या न्हाणीतला तो गोळा आम्हीच रोज थोडाथोडा घडविला होता. तो दुसऱ्याच्या हाती देण्यास आम्हांस संकोच कसा वाटला नाही?

तेव्हापासून आमच्या घरी काही नियम आहेत. स्नानापूर्वी केस विंचरावे आणि कंगव्यातले केस कचऱ्यात टाकावे. मोरीवर बारीक भोकांची जाळी असावी व ज्याने स्नान केले त्यानेच तीवरचे केस उचलावे. पुडीचा कोपरा मोरीत जाऊ देऊ नये. आठवड्यातून एकदा धुण्याचा सोडा घालून कढत पाणी ओतावे. मात्र ते उकळते नसावे, कारण त्याने प्लास्टिकची नळी मऊ पडते. कॉस्टिक सोड्याने कातडी भाजते, म्हणून मुलांनी त्यास हात लावू नये. ब्लीचिंग पावडर व आम्ल तर कधीही एकत्र करू नये, कारण त्यांतून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

मित्रहो, तुंबलेले सांडपाणी शेवटी कोणाच्या तरी दारात साचते आणि क्यूलेक्स डासांचे घर होते. आपली घाण आपणच वेळीच उचलली, तर ती उचलण्यासाठी दुसऱ्या कोणास वाकावे लागणार नाही. उद्या स्नान झाल्यावर एकदा जाळीकडे पाहा. धड्याचा आरंभ तेथूनच करावयाचा आहे.