विश्वकोश आणि शाळेंतील गोळीबार

विकिपीडिया हा विश्वकोश २००१ सालापासून इंटरनेटवर अनेकांच्या सहकार्यानें लिहिला जात आहे. प्रत्येक विधानास विश्वसनीय प्रसिद्ध आधार असावा, हा त्याचा मुख्य नियम. परंतु आधारच चुकला तर?

१४ डिसेंबर २०१२ रोजीं अमेरिकेंतील न्यूटाउन येथें सँडी हुक शाळेंत एका तरुणानें गोळीबार केला. २० लहान मुलें व शाळेंतील ६ स्त्रिया ठार झाल्या. त्याच दिवशीं मोठमोठ्या वृत्तसंस्थांनीं मारेकरी म्हणून त्याच्या निरपराध भावाचें नांव जाहीर केलें. त्याची आई तेथें शिक्षिका होती, असेंही सांगितलें. दोन्ही गोष्टी असत्य ठरल्या. अशा वेळीं आधार दाखवून तें नांव कोशांत उतरविणारा नियम पाळील खरा, पण खोट्या साक्षीविषयींची आज्ञा मोडील.

म्हणून लेखकानें कांहीं काळ थांबावें, असें मला वाटतें. घाई वर्तमानपत्रास असते. कोशास ती कां असावी? स्थळ, काळ आणि पोलिसांनीं निश्चित केलेली हकीकत एवढेंच प्रथम लिहावें. मारेकऱ्याचें नांव खात्री झाल्यावर यावें. त्याचें छायाचित्र मात्र लेखाच्या शिरोभागीं मुळींच नको. तो मान त्याचा नव्हे.

पुढें हें हत्याकांड घडलेंच नाहीं, असा प्रचार ॲलेक्स जोन्स यानें चालविला. २०२२ सालीं कनेक्टिकट येथील ज्यूरीनें त्याजवर सुमारें ९६ कोटी ५० लक्ष डॉलरांची भरपाई बसविली. अशा ठिकाणीं 'कांहींच्या मतें' असें न लिहितां, तो प्रचार खोटा होता, असें कोशानें स्पष्ट लिहावें.