डिझेल ट्रॉली पिते

ऊसवाहतुकीत डिझेलचे पैसे आपल्या हातातून जात नाहीत, आणि सगळी गडबड तिथूनच सुरू होते. कारखान्याच्या पंपावर टाकी भरायची, स्लिपवर सही करायची, पंधरवड्याच्या बिलातून कपात होऊन उरलेली रक्कम बँकेत पडते. खिशातून नोट काढून द्यावी लागली असती तर बोचलं असतं. सहीचं काही वाटत नाही. मी नेवासा तालुक्यात गेली चौदा वर्षं ऊस ओढतो. ५० एचपीचा ट्रॅक्टर, मागे दोन दोनचाकी ट्रॉल्या. त्यातली पहिली दहा वर्षं एका खेपेला किती डिझेल लागतं असं कुणी विचारलं असतं, तर 'वीस-पंचवीस लिटर' असं मी अंदाजानं ठोकून दिलं असतं.

अकराव्या हंगामात कपातीचा आकडा डोळ्यावर आला. अंतर तेच, बावीस किलोमीटर. टनेजही तेच, वीसच्या आसपास. तरी बिलात उरत काही नव्हतं. माझा ड्रायव्हर सहा हंगाम माझ्याकडे होता. एका संध्याकाळी फडात, टोळीतल्या माणसांसमोर मी त्याला बोलून गेलो, "डिझेल ट्रॅक्टरलाच लागतंय ना, का अजून कुठं जातंय?" तो काही बोलला नाही. किल्ली मडगार्डवर ठेवली, डब्याची पिशवी उचलली आणि बांधाबांधानं निघून गेला. मी हाकही मारली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मीच स्टेअरिंगवर बसलो. आठ खेपा केल्या. टाकी तोंडापर्यंत भरून मोजलं, तर खेपेला सरासरी २७ लिटर. म्हणजे तो चोरत नव्हता. चोरी असती तर माझ्या हातात आल्यावर थांबली असती.

मग मी दुसरी चूक केली. पंप आणि नोझल काढून नगरला दुरुस्तीला दिले, अकरा हजार घातले, तीन दिवस ट्रॅक्टर उभा राहिला. धूर थोडा कमी झाला, डिझेल जिथल्या तिथं. मेस्त्रीचा यात दोष नाही. मी त्याला ट्रॅक्टरच दाखवला. ट्रॉली कुणाला दाखवावी हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ट्रॉली बघितली ती अण्णांनी, माझ्या वडिलांनी. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे आपल्या जिल्ह्यात एकामागून एक कारखाने उभे राहिले, तेव्हापासून ऊस आधी बैलगाडीनं आणि मग रबरी चाकांच्या टायरगाडीनं जायचा. अण्णांनी तरुणपणी टायरगाडी हाकली आहे. बैलाला ओढ जास्त लागली की गाडीवान खाली उतरून आधी चाक बघतो, बैलाला मारत नाही. ती सवय त्यांच्या अंगात होती. रिकाम्या ट्रॉल्या घेऊन मी घरी आलो, तेव्हा ते ओट्यावरून उठून सरळ मागच्या ट्रॉलीपाशी गेले आणि टायरवर तळहात आडवा फिरवला. मला म्हणाले, "तू फिरव बरं."

मी फिरवला. आतून बाहेर हात गेला तर गुळगुळीत. बाहेरून आत आणला की रबराची कड बोटांना करवतीसारखी लागत होती. "हे चाक सरळ पळत नाही," अण्णा म्हणाले. "फरफटतंय."

खडू आणि सुतळी आणली. दोन्ही टायरच्या बरोबर मधोमध, पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर खडूची खूण केली आणि दोन खुणांमधलं अंतर सुतळीनं घेतलं. मग ट्रॉली ढकलून चाकं अर्धा फेरा फिरवली. त्याच खुणा आता मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर आल्या. तीच सुतळी तिथं लावली, तर तीन बोटं सुतळी उरली. चाकं पुढून फाकलेली, मागून जवळ आलेली. धुरा वाकली होती. आदल्या हंगामात भरलेली ट्रॉली चारीच्या पाइपावरून आदळली होती, ते तेव्हा आठवलं. त्या ट्रॉलीचं नवं टायर दोन-अडीच महिन्यांत संपलं, तेव्हा मी टायरलाच नावं ठेवली होती.

तीन बोटं दिसायला थोडी वाटतात. पण चाक एवढं तिरकं असलं की किलोमीटरमागं साधारण तीस मीटर आडवं घासतं. बावीस किलोमीटरच्या वाटेवर ती दोन्ही टायरं सहा-सातशे मीटर डांबरावर आडवी फरफटत होती, आणि तेही वर दहा टन ऊस घेऊन. ही ओढ ट्रॅक्टरनं डिझेल जाळूनच भागवली. दुसऱ्या ट्रॉलीचं चाक जॅकवर उचलून हातानं फिरवलं, तर अर्ध्या फेऱ्यात थांबलं. बेरिंग आवळून बसलं होतं आणि ग्रीस वाळून काळं दगड झालं होतं.

धुरा सरळ करून घेतली, बेरिंग बदललं, चारही टायरची हवा गेजनं मोजून भरली. तेवढ्यानं खेपेमागं साडेतीन लिटर कमी झालं. ट्रॅक्टरच्या एका नटालाही हात लावला नव्हता.

त्या रविवारी ड्रायव्हरच्या घरी गेलो. त्याच्या आईसमोर माफी मागितली. तो दुसऱ्याकडे लागला होता आणि परत आला नाही. म्हणून पहिली गोष्ट सांगतो ती ही: मोजल्याशिवाय माणसावर आळ घेऊ नका.

मोजायचं कसं, तर टाकी एकाच पंपावर, एकाच जागी ट्रॅक्टर उभा करून, तोंडापर्यंत भरायची. दहा खेपांनंतर तिथंच पुन्हा तोंडापर्यंत. मध्ये आणि शेवटी मिळून जे डिझेल टाकलं ते लिहायचं, आणि त्याला त्या दहा खेपांच्या काटापावत्यांवरच्या निव्वळ टनांनी भागायचं. किलोमीटरला किती हा हिशेब आपल्या कामाचा नाही, कारण आपल्याला पैसे टनाचे मिळतात. नगरला व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. तिथं गाड्या खास मार्गावर पळवून, यंत्रं लावून तपासतात. आपल्याकडे ती यंत्रं नाहीत, पण दर खेपेला वजनकाटा आहे, आणि तो कमी नाही. माझा आकडा टनाला १.३५ लिटर होता. आज तो १ लिटरवर आहे.

आता बाकीचं डिझेल कुठं जात होतं ते सांगतो.

त्यातलं सगळ्यात जास्त जात होतं उभ्या उभ्या. यार्डात नंबर लागेपर्यंत आठ-दहा तास सहज जातात. रांग थोडी थोडी सरकत असते तेवढा वेळ इंजिन चालूच ठेवायचं. बॅटरी मेलेली, एकदा बंद केलं तर सेल्फ लागायचा नाही ही भीती. त्यात टेप. आपल्याकडे ट्रॅक्टरवर घरातल्या कपाटाएवढे साऊंड बॉक्स असतात, आणि ते वाजायला इंजिन सुरू लागतं. रात्रभर थंडीत बसलेल्या पोरांना गाणं हवं असतं, हे मला कळतं. मीही त्या थंडीत बसलो आहे. पण उभं इंजिन तासाला लिटरभर पितं. माझं रोज अडीच लिटर असंच जायचं. नवी बॅटरी घेतली, तिचे पैसे महिन्याभरात सुटले. आता रांग थांबली की इंजिन बंद, आणि गाण्यासाठी चार्जिंगचा छोटा स्पीकर.

दुसरं फडातलं. डांबरी रस्त्यावर शंभर किलो वजन ओढायला साधारण दीड किलोची ओढ लागते. तेच मऊ, ओल्या काळ्या रानात दहा किलो किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे दहा टनाची जी ट्रॉली रस्त्यावर दीडशे किलोच्या ओढीनं येते, ती रानात हजार किलो मागते. मुळा कालव्याचं आवर्तन सुटलं की शेतकरी तोडणी तोंडावर आलेल्या उसालाही पाणी देतो, वजन वाढेल म्हणून. मग ट्रॉली धुरेपर्यंत रुतते, दुसरा ट्रॅक्टर बोलवा, साखळी लावा, आणि क्लचप्लेट जळाल्याचा वास शिवारभर. मी एकदा एका दुपारी ट्रॉली काढताना अख्ख्या खेपेचं डिझेल जाळलं आहे. तोडणीआधी निदान पंधरा दिवस पाणी तोडावं हे साखर उताऱ्यासाठीही सांगतात. शेतकऱ्याला हे आधी भेटून, हात जोडून सांगा. रान ओलं असेलच तर वाटेवर पाचटाचा जाड थर टाका, एकेक ट्रॉली वेगळी बाहेर काढा आणि जोडणी रस्त्यावर करा. ट्रॉली बांधावर उभी करून मोळ्या लांबून वाहायला लावायच्या असतील, तर टोळीला त्याचे वेगळे पैसे द्या. डोक्यावर मोळी घेऊन ओल्या सरीतून चालणाऱ्या बाईच्या पायांवर आपलं डिझेल वाचवू नये.

भरण्यातही फरक पडतो. दोनचाकी ट्रॉलीत थोडं वजन हुकावर यावं लागतं, म्हणजे ट्रॅक्टरची मागची चाकं जमीन धरतात आणि जागच्या जागी फिरत नाहीत. पण मागच्या ट्रॉलीचं नाक जड झालं की ते पुढच्या ट्रॉलीची शेपटी दाबतं, तिचं तोंड वर उचलतं, आणि ट्रॅक्टरवरचं वजन निघून जातं. म्हणून पुढची ट्रॉली किंचित पुढं भरून, मागची समतोल. आणि हुकावर वजन हवं म्हणून अतीही करू नका, चढाला पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात राहत नाही.

एका खेपेत जास्त माल नेला की डिझेल वाचतं, असं मलाही वाटायचं. मर्यादेपर्यंत ते खरंही आहे. पुढं मात्र टायर दबतात, बेरिंग तापतात, धुरा वाकते. 

गिअरबद्दल लांबण लावत नाही. सपाट रस्त्याला वरचा गिअर आणि १५०० ते १७०० आरपीएम, चढ दिसला की चढ लागायच्या आधीच गिअर खाली. काळा धूर निघाला की समजा, इंजिनला घातलेलं डिझेल पुरतं जळत नाही. धूळ दिवसभर असते, तेव्हा एअर क्लीनरचं ऑइल हंगामात वेळापत्रकाची वाट न बघता बदला. क्लचवर पाय ठेवून चालवू नका.

उताराबद्दल मात्र थांबून सांगायचं आहे, कारण ही सवय माणसं मारते. डिझेल वाचेल म्हणून उताराला न्यूट्रल करतात. ट्रॉल्यांना बहुधा ब्रेक नसतात. वीस टन मागून ढकलायला लागलं की ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली अंगावर येते. आणि ज्यासाठी हे करायचं ते डिझेलही वाचत नाही. गिअरमध्ये असताना रेस सोडली की उताराला चाकंच इंजिन फिरवतात आणि गव्हर्नर डिझेल जवळजवळ तोडून टाकतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन स्वतःला चालू ठेवायला डिझेल घेतच राहतं. शेवटच्या पोरालाही हे समजेपर्यंत सांगा.

माझा पुतण्या पिकअपमधून नेप्तीच्या बाजारात कांदा नेतो. त्यालाही मी खडू-सुतळी दिली, पण त्याचं दुखणं वेगळं निघालं. आपला ट्रॅक्टर वीस-पंचवीसच्या वेगानं जातो, त्याला वारा फारसा अडवत नाही. पिकअप ऐंशीनं पळाली तर साठच्या मानानं वाऱ्याचा अडथळा पावणेदोन पट होतो. त्यात वर फडफडणारी ताडपत्री. त्यानं ताडपत्री ताणून बांधली, वेग साठच्या आत ठेवला, आणि त्याला फरक लगेच दिसला.

आज माझी खेप २० लिटरमध्ये होते. हंगामात ११० खेपा धरल्या तर ७७० लिटरची बचत, आणि डिझेल नव्वदीच्या घरात असताना जवळजवळ सत्तर हजार रुपये. एवढी रक्कम ट्रॉलीच्या मागं रस्त्यावर सांडत होती आणि मी एका गरिबाच्या पिशवीत ती शोधत होतो.

यंदा खंडेनवमीला ट्रॅक्टरला हार घालाल, तेव्हा ट्रॉल्यांपाशीही जा. एकेक चाक जॅकवर उचलून हातानं फिरवा, टायरवर तळहात आडवा ओढून बघा, सुतळी लावा. आणि तिथं वाकलेलेच आहात तर ट्रॉलीच्या मागं लाल रिफ्लेक्टर धड आहे का, तेही बघा. नसेल तर पहिल्या खेपेआधी लावा.